रागावलेलं नेमकं कोण? संदिग्ध वाक्य आणि शिकणाऱ्याचं मन

अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरवायचा, याची यादीच प्राचीन वैयाकरण भर्तृहरीने वाक्यपदीयात दिली आहे: संयोग (जोडीला काय आहे), विप्रयोग (काय नाही), साहचर्य (सोबत), प्रकरण (प्रसंग) वगैरे. बोलणाऱ्याचा राग किंवा लाडीगोडी मात्र त्या यादीत नाही. आवाजातला तो फरक 'काकु' म्हणून साहित्यशास्त्राच्या वाट्याला गेला.

गंमत म्हणजे विसाव्या शतकात पाश्चात्त्य संशोधनातही जवळपास अशीच वाटणी झाली. वाक्यवाले एकीकडे, भावनावाले दुसरीकडे.

वाक्यवाल्यांपैकी फ्रेझियर आणि रेनर यांनी १९८२ साली वाचकाच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून तो संदिग्ध वाक्यात कुठे अडखळतो ते पाहिलं. १९८८ साली क्वेतोस आणि मिचेल यांनी 'बाल्कनीत असलेल्या नटीच्या मोलकरणीला' या धर्तीची वाक्यं घेतली. बाल्कनीत कोण? स्पॅनिश वाचकांचा कौल मोलकरणीकडे झुकला, इंग्रजी वाचकांचा नटीकडे. मराठीत असं वाक्य सहज बनतं: 'रागावलेल्या शेजारणीच्या नवऱ्याला मी जिन्यात गाठलं.' सामान्यरूपात 'रागावलेल्या' दोघांनाही चालतं, त्यामुळे लिंगावरून उलगडा होत नाही. आपण संदर्भावरून ठरवून पुढे जातो. डेक्कन कॉलेजच्या आवारातल्या पश्चिम विभागीय भाषा केंद्रात मराठी शिकायला आलेल्या इतर राज्यांतल्या शिक्षकाला एवढी मोकळीक नसते. २००३ साली पापादोपूलू आणि क्लासन यांनी ग्रीक शिकणाऱ्यांना अशीच वाक्यं दिली, तर त्यांचा कौल कुठल्याच बाजूला ठामपणे पडेना.

भावनावाल्यांत नाव गाजलं भाषाशिक्षणाचे अभ्यासक क्रॅशन यांचं. धास्तावलेल्या मनात भाषा शिरतच नाही, ती मधल्या गाळणीत अडकते, हा त्यांचा सिद्धांत १९८२ चा. मूळ कल्पना डुले आणि बर्ट यांची. शिक्षकांना ती पटली, पण एखादं वाक्य समजताना ही गाळणी नेमकं काय करते, हे मोघमच राहिलं. १९८६ साली हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी ३३ विधानांची मोजपट्टी केली, तेव्हा निदान वर्गातली धाकधूक मोजता येऊ लागली.

दोन्ही वाटा जवळ आल्या त्या अलीकडे. २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की अपूर्ण वाक्य पुरं करायला दिलं तर भावनेने भारलेलं नाम जोडवाक्याला ('जी बाल्कनीत होती' यासारख्या भागाला) आपल्याकडे खेचतं. पण हा झाला मातृभाषेचा निष्कर्ष. हॅरिस आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगात, मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या तुर्की भाषकांना लहानपणी ऐकलेली रागावणी तुर्कीत ऐकवली की त्वचेवरची प्रतिक्रिया तीव्र येई. इंग्रजीत ती मंदावे.

त्यामुळे शिकणाऱ्याच्या बाबतीत दोन भावना वेगळ्या धरायला हव्यात. शब्दातली धग परक्या भाषेत बरीचशी निवते. चुकण्याची भीती मात्र तिथेच वाढते आणि वाक्याचं टोक हाती येईपर्यंत सुरुवात लक्षात ठेवणंही अवघड करते. 'भावनेचा परिणाम' म्हणताना बरेचदा या दोहोंची सरमिसळ होते.