निकेलच्या मिश्रधातूंत खोल ड्रिलिंग : पेकिंगच्या वादाची पार्श्वभूमी

निकेलच्या मिश्रधातूंत खोल भोक पाडताना ड्रिल मधूनमधून बाहेर काढायचा, म्हणजे पेकिंग करायचे, की एका दमात तळापर्यंत जायचे, असा हा वाद. खोल भोकांसाठीच्या गन ड्रिलचे नाव बंदुकीच्या नळीवरून आले. एकच कटिंग एज, भोकाच्या भिंतीला टेकणारे गाइड पॅड, ड्रिलच्या आतून येणारे तेल आणि व्ही खाचेतून बाहेर पडणाऱ्या चिप्स (कापलेल्या धातूचे तुकडे), ही रचना अजूनही तीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत बीटीए पद्धत आली. तिने तेल बाहेरून आणि चिप्स नळीच्या आतून नेल्या. १९६० च्या दशकातल्या दुहेरी नळीच्या इजेक्टरने तेल गळू नये म्हणून लागणाऱ्या सीलची कटकट घालवली.

मधल्या काळात जेट इंजिनांसाठी निकेलचे मिश्रधातू आले. त्यांतल्याच इन्कोनेल ७१८ ची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा; उष्णता ड्रिलच्या टिपेवरच साचते. शिवाय नुसते घासले तरी पृष्ठभाग आणखी कडक होतो, आणि वाद आहे तो इथेच.

पेकिंग, म्हणजे थोडे कापून ड्रिल बाहेर काढणे, ही गरजेतून आलेली पद्धत. हायस्पीड स्टीलचा ट्विस्ट ड्रिल आणि बाहेरून सोडलेले कूलंट (थंड ठेवणारा द्रव) एवढेच हाताशी असताना चिप्स काढायच्या कशा? संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनमध्ये ती जी८३ सायकल, म्हणजे एक तयार आज्ञा, होऊन बसली, आणि खोल भोक दिसले की प्रोग्रॅमर आजही हात सवयीने तिकडेच नेतो. ७१८ मध्ये मात्र दर वेळी परत आत जाताना ड्रिलला कडक झालेला तळ लागतो, खाली पडलेली चिप चिरडते आणि कटिंग एजचा कॉर्नर उडतो. आतून कूलंट नसेल तर पेकिंगला इलाज नाही. पण मग पेक कमीत कमी ठेवायचे, ड्वेल (तळाशी थांबणे) शून्य, आणि घाबरून फीड (ड्रिल पुढे सरकण्याचा दर) कमी करायचा नाही. फीड फार हलका झाला की ड्रिल कापायचे सोडून घासू लागतो.

आतून कूलंटचे सॉलिड कार्बाइड ड्रिल व्यासाच्या २०-३० पट खोल जाऊ लागले आणि ७० बार दाबाचे कूलंट पंप मशीनबरोबर मिळू लागले, तेव्हा पारडे एका दमात ड्रिल करण्याकडे झुकले. ते बरोबरच झाले. आधी व्यासाच्या २-३ पट खोल पायलट (वाट दाखवणारे सुरुवातीचे भोक), लांब ड्रिलपेक्षा व्यासाने १० ते ३० मायक्रॉन मोठा. लांब ड्रिल त्यात अगदी कमी आरपीएमवर शिरतो, मग कूलंट चालू, मग पूर्ण स्पीड. ७१८ ला कापण्याचा वेग मिनिटाला साधारण २०-३० मीटर. बाहेर येताना आरपीएम आधी उतरवायचे. लांब ड्रिल पायलटच्या आधाराशिवाय पूर्ण आरपीएमवर फिरला, तर झोक खाऊन तुटतो.