खडीवर अडलेलं पाणी

रोपवाटिकेतून झाड आणलं की कुंडी भरताना मिळणारा पहिला सल्ला ठरलेला: तळाशी खापऱ्यांचा नाहीतर खडीचा थर द्या, म्हणजे पाण्याचा निचरा होतो. घरातली मोठी माणसं सांगतात, माळी सांगतो, मोबाईलवरचे व्हिडिओही सांगतात. फूटभर खोल कुंडीत हा सल्ला चुकीचा असूनही खपून जातो. बोन्सायच्या 5 सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये मात्र तो झाडाच्या जिवावर उठतो. हौसेने लावलेली पहिली बोन्सायं तहानेने जातात तशीच मुळाशी अडलेल्या पाण्यानेही जातात, आणि ते पाणी अडतं कसं हे कळलं की माती, कुंडी, वेळ या सगळ्याचे निर्णय आपोआप सोपे होतात.

भांडी घासायचा एक नवा स्पंज घ्या. पाण्यात बुडवून पुरता भिजवा आणि दोन बोटांत कडेला धरून आडवा ठेवा. आधी धार लागेल, मग थेंब, मग तेही थांबतील. आता जराही न पिळता तोच स्पंज लांबीत उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल! स्पंज तोच, छिद्रं तीच; बदलली ती फक्त उंची. आडवा होता तेव्हा त्यातलं पाणी छिद्रांच्या पकडीत होतं. उभा केल्यावर पाण्याचा स्तंभ उंच झाला, त्याचं वजन खालच्या टोकाला पकडीपेक्षा जास्त भरलं आणि जादा पाणी निसटलं. तरीही तळाच्या काही सेंटिमीटरमध्ये स्पंज गच्च ओला राहिलाच. कुंडीतली माती म्हणजे असाच स्पंज. खोल कुंडी म्हणजे उभा स्पंज, बोन्सायचा ट्रे म्हणजे आडवा.

ही पकड पृष्ठताणाची. शाळेत केशनळीचा प्रयोग केला असेल तर आठवेल: नळी जितकी बारीक तितकं पाणी वर चढतं. ढोबळ हिशेब असा, की नळीची त्रिज्या मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि 15 ला तिने भागायचं. येईल तितके मिलिमीटर पाणी चढून राहतं. त्रिज्या 1 मिलिमीटर असेल तर दीड सेंटिमीटर, 0.1 असेल तर 15 सेंटिमीटर. मातीच्या कणांमधल्या वाकड्यातिकड्या पोकळ्या म्हणजे अशा असंख्य नळ्याच. 2 ते 5 मिलिमीटरच्या दाण्यांमध्ये पाणी साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत धरून राहतं. अर्धा ते एक मिलिमीटरच्या वाळूत ते 13-14 सेंटिमीटरपर्यंत धरलं जातं. म्हणजे गिलाव्याला चालणारी बारीक वाळू 5 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये भरली, तर खालचं छिद्र कितीही मोठं असो, ट्रे तळापासून वरपर्यंत भिजलेलाच राहणार. ‘वाळू घातली की निचरा होतो’ हे अर्धंच खरं आहे. कोणती वाळू ते विचारायला हवं.

आता खडी. बारीक मातीतलं पाणी खडीतल्या मोठ्या पोकळ्यांमध्ये आपण होऊन उतरत नाही, कारण बारीक छिद्रांची ओढ जास्त असते. खडीच्या लगेच वरची माती काठोकाठ भिजली की मगच थेंब खाली पडतो. त्यामुळे गच्च ओला थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या डोक्यावर जाऊन बसतो. 5 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये दीड सेंटिमीटर खडी घातली तर उरलेल्या साडेतीन सेंटिमीटर मातीत तोच ओला थर आणि तीच मुळं! छिद्रातून माती वाहू नये एवढंच हवं असेल तर नायलॉनच्या जाळीचा तुकडा पुरे.

मुळांना पाण्याचं वावडं नसतं, त्यांना श्वास घ्यायचा असतो. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पटींनी कमी. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचं श्वसन मंदावतं, टोकं काळी पडतात, कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं मिळतं. मुळं गेली की पाणी वर चढत नाही आणि पानं मलूल होतात. मालकाला वाटतं झाड तहानलंय, तो आणखी पाणी घालतो. पुढचं सांगायला नको.

नागपूरकरांची अडचण अशी, की पिशवीतलं रोप बहुधा काळ्या मातीत असतं. कापसाला ही माती सोनं आहे, उथळ कुंडीत मात्र ती दोन्हीकडून मारते. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते. कण इतके सूक्ष्म, की वरच्या हिशेबात ट्रे कायमचा चिखल. आणि वाळली की ती आकसते. उन्हाळ्यात शेतात पडतात त्याच भेगा कुंडीच्या कडेने पडतात, घातलेलं पाणी भेगेतून सरळ छिद्राबाहेर जातं आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. खालून पाणी वाहिलं म्हणजे झाडाला मिळालं, असं म्हणूनच समजू नये.

मिश्रण दाणेदार हवं. दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग भरड वाळू, अर्धा भाग चाळलेलं गांडूळखत किंवा कुजलेला पालापाचोळा. वीट लाल, भाजलेल्या मातीचीच घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या कोळशाच्या राखेमुळे इकडे फ्लाय ॲशच्या करड्या विटा मुबलक मिळतात, पण त्यांत चुना किंवा सिमेंट असतं आणि त्याने मिश्रण अल्कधर्मी होतं. लोह मुळांना मिळेनासं होऊन पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लाल वीट फोडून आधी 5 मिलिमीटर भोकांच्या चाळणीने मोठे तुकडे काढा, मग खालचा भुगा 3 मिलिमीटरच्या चाळणीने काढून टाका. मधले 3 ते 5 मिलिमीटरचे दाणे धुऊन घ्या. वाळू कन्हान नदीची असो वा कुठलीही, गवंडी गिलाव्यासाठी चाळतो तेव्हा चाळणीवर उरून बाजूला फेकली जाते ती भरड आपल्या कामाची. विटेचा दाणा आतून सच्छिद्र असल्यामुळे पाणी स्वतःच्या पोटात धरतो आणि दाण्यादाण्यांमध्ये हवा खेळते. खत यापेक्षा वाढवू नका. ते बारीक होत जाऊन पोकळ्या बुजवतं. दर दोन वर्षांनी कुंडी बदलायची ती मुख्यतः याचसाठी.

पहिलं झाड म्हणून नांद्रुक घ्यावा. वड-पिंपळाच्याच कुळातला, पानं लहान, मुळं छाटलेली मुकाट सोसतो. जेड त्याहून सोपं, पण त्याला पाणी कमीच लागतं. कलमी संत्र्याचा मोह टाळा: जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली, म्हणजे संत्र्याचं कलम बांधलेली जागा खोडावर दिसत राहते, आणि बोन्सायमध्ये पानं लहान करता येतात, फळ नाही. निवडताना उंची पाहू नका. बुंधा जाड, खालच्या फांद्या शाबूत आणि बुंध्याशी मुळं चहूकडे फाकलेली हवीत.

वेळ मृगाचा पाऊस नीट पडल्यावरची, जूनअखेर ते जुलै. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना मुळं छाटणं म्हणजे झाडाचा नळ तोडून त्याला भट्टीपुढे उभं करणं. आधी दोन दिवस पाणी बंद ठेवा. पिशवी ब्लेडने उभी कापा, गोळा बादलीत 20 मिनिटं बुडवा आणि बांबूच्या काडीने माती वरून खाली विंचरत या. वरून अशासाठी, की पिशवीत बुंध्याची खरी मुळं 3-4 सेंटिमीटर गाडलेली असतात. ती सापडली की नवी पातळी तीच. मधला काळा गोळा तसाच ठेवू नका. दाणेदार मिश्रणात तो चिकण गोळा ओल धरून बसतो, आणि एकदा वाळला की पाणी त्याला वळसा घालून जातं. पिशवीच्या भिंतीलगत गोल फिरलेली मुळं कापा, सोटमूळ सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, आखूड करा. एकूण मुळांपैकी पहिल्या खेपेला तिसरा हिस्सा, जास्त नाही. छाटलेल्या टोकामागून बारीक उपमुळांचा झुपका फुटतो. पाणी शोषण्याचं काम त्यांचंच. शेंडे थोडे खुडा, पण पानं सगळी काढू नका, नव्या मुळांची साखर तिथूनच येते. नांद्रुकाचा चीक ओल्या फडक्याने टिपा.

लगेच ट्रेमध्ये जाण्याची घाई नको. 10-12 सेंटिमीटर खोल, बुडाला भरपूर छिद्रं असलेली कुंडी दोन वर्षं ठेवा, नाहीतर खोड जाड होणार नाही. छिद्रांतून तार ओवून झाड कुंडीला घट्ट बांधा. वाऱ्याने हललं तर नवी मुळं रोज तुटतात. मिश्रण काडीने मुळांमध्ये ठासा, हाताने दाबू नका. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या आणि तीन आठवडे हिरव्या जाळीखाली ठेवा. खत सहा आठवड्यांनंतर.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. घरात बोन्साय ठेवलं की घराची वाढ खुंटते, असं वास्तुवाले सांगतात. मुळात झाडाचीच वाढ खुंटलेली नसते. ती जोरात चालू असते म्हणून तर पावसाळाभर कात्री चालवावी लागते. ‘बोन्सायच्या बिया’ विकणाऱ्या जाहिरातीही त्याच पंक्तीतल्या. चिंचेच्या बोन्सायचा चिंचोका जमिनीत पेरला तर रस्त्याकडेची ती अवाढव्य चिंचच उगवेल.

फांद्यांना आकार देणारी तार गुंडाळायची ती पोळ्याच्या सुमारास, नवी पालवी कडक झाल्यावर. ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाची: पेन्सिलीएवढ्या फांदीला अडीच मिलिमीटर. 45 अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी, सालीला टेकेल पण रुतणार नाही अशी. वाकवलेल्या फांदीवर लाकडाचे नवे थर चढतात आणि ते थरच तिला नव्या आकारात धरून ठेवतात. म्हणून वेळ लागतो. बांधकामाची लोखंडी बाइंडिंग तार वापरू नका, ती साल कापते. नांद्रुक झपाट्याने जाडावतो. चार आठवड्यांनंतर दर रविवारी पाहा, आणि तार रुतू लागली की उलगडत न बसता कटरने तुकडे करून काढा.

उन्हाळ्यात दाणेदार मिश्रणाला दोन वेळा पाणी लागेल, ते द्या. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तेवढं झाडाला घालू नका. दिवसभर वाफ उडून गेलेली असते आणि क्षार सगळे त्या तळच्या पाण्यात उरलेले असतात. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसते ती त्यांचीच.

आणि पुढे झाड ट्रेमध्ये गेल्यावर कधी तीन-चार दिवसांची झड लागली, तर त्याला घरात घेऊ नका. ट्रेच्या एका टोकाखाली अर्धी वीट सरकवा. तिरपा झाला की स्पंज थोडा उभा होतो, खालच्या कोपऱ्यातून पाणी निथळतं आणि वरच्या बाजूच्या मुळांना हवा मिळते. दुसऱ्या दिवशी वीट दुसऱ्या टोकाला.