एनआयसीयूतलं 'ॲम्फो': साधं की लायपोसोमल?

ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचं नाव घराघरात पोचलं ते २०२१ च्या मे महिन्यात, म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत. नातेवाईक चिठ्ठी घेऊन मेडिकलमागून मेडिकल पालथी घालत होते आणि चिठ्ठीवर ठळक शब्द एकच, 'लायपोसोमल'. तेव्हापासून पालकांच्या डोक्यात बसलंय की लायपोसोमल म्हणजे खरं औषध आणि साधं म्हणजे गरिबाचं. एनआयसीयूबाहेर, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर, हा प्रश्न आजही विचारला जातो, म्हणून जरा मागचं सांगते.

औषध जुनंच. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून १९५० च्या दशकात मिळालं. पाण्यात विरघळेना म्हणून पित्तातल्या आम्लाचा क्षार मिसळला, तेच आपलं 'साधं'. मोठ्यांना हुडहुडी भरायची, पोटॅशियम उतरायचं, किडनी मार खायची, त्यामुळे ते बदनाम झालं. मग १९९० च्या दशकात लिपिडमधले, म्हणजे चरबीसारख्या पदार्थात बसवलेले, प्रकार आले, लायपोसोमल त्यातलाच एक. भारतीय लायपोसोमलवरचं बरंच काम मुंबईतल्याच म्युनिसिपल हॉस्पिटलात झालंय, पण हे कुणी सांगत नाही.

खरा गोंधळ नावाचा. आम्ही सगळ्यांनाच 'ॲम्फो' म्हणतो, वायलपण बहुतेक ५० मिलिग्रॅमचीच, पण साधं दिवसाला किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम आणि लायपोसोमल ३ ते ५, म्हणजे नाव अर्धवट लिहिलं आणि अदलाबदल झाली तर पाचपट डोस जाऊ शकतो, आणि अशा चुकीत हृदय बंद पडून पेशंट गेलेत. शिवाय साधं फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच बनवायचं, सलाइन लागलं की दूध नासावं तसं ते पिवळं पाणी फाटतं.

आता वादाचा मुद्दा. नवजात बाळाची किडनी साधं ॲम्फो मोठ्यांपेक्षा बरंच सोसते. कॅन्डिडा (बाळांना होणाऱ्या बुरशीचा एक प्रकार) रक्तातून किडनीत जाऊन बुरशीचे गोळे करतो आणि लायपोसोमल लघवीच्या मार्गात कमी पोचतं, म्हणून गाइडलाइन्स तिथे जपून वापरा म्हणतात. तरी महागडी बाटली लागली की घरच्यांना बरं वाटतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या काही डॉक्टरांनाही. क्रिएटिनिन (किडनी थकल्याची रक्तातली खूण) चढायला लागलं तर साधं बदलून लायपोसोमल द्यावंच, त्याबद्दल वाद नाही.

मधल्या काळात फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध आलं, स्वस्त, तोंडानेही देता येतं, किलोच्या आतल्या बाळांना तर बुरशी होऊ नये म्हणूनसुद्धा देतात. पण २००९ मध्ये जपानमध्ये कॅन्डिडा ऑरिस सापडला, पुढे आपल्याकडच्या आयसीयूंतही, आणि त्याला फ्लुकोनाझोल सहसा चालत नाही. मोठ्यांना अशा वेळी एकायनोकॅन्डिन (बुरशीवरच्याच औषधांचा आणखी एक गट) देतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ऑरिस निघाला तर मात्र पहिली निवड म्हणून नाव येतं ते त्याच साध्या ॲम्फोचं, किलोमागे १ मिलिग्रॅम.