टस्कनीतील परदेशी नागरिकांची घरखरेदी

टस्कनी (तोस्काना) या मध्य इटलीतील प्रदेशात परदेशी नागरिकांनी घर वा जमीन विकत घेण्याची पद्धत आणि तिला लागू असलेले कायदे. बाहेरून येणाऱ्याला बहुधा डोंगरउतारावरचे दगडी शेतघर हवे असते, आणि त्या घराचे शेतीशी असलेले जुने नाते हाच व्यवहाराचा सर्वांत नाजूक भाग असतो.

टस्कनीत शतकानुशतके मेझाद्रिया ही अर्धेलीची पद्धत होती. मालक जमीन आणि घर देई, कुळाचे कुटुंब राबे, पीक निम्मे निम्मे वाटले जाई. खाली गोठा, वर माणसे अशी या घरांची नेहमीची रचना. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे नोकरीसाठी शहरांकडे गेली. १९६४च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. ओस पडलेली घरे मग इंग्रज, जर्मन, डच लोक घेऊ लागले. फ्लॉरेन्स आणि सिएना यांमधल्या क्यांती भागाला 'क्यांतीशायर' हे नाव पडले ते यातूनच. ज्यांनी ही घरे पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्यांच्यापैकी बहुतेकांची मालकी त्यांवर कधीच नव्हती. विक्रीच्या जाहिरातीत ही गोष्ट क्वचितच सापडते.

युरोपीय संघाच्या नागरिकांना खरेदीवर बंधन नाही. इटलीचा निवास परवाना असलेल्यांनाही सहसा अडचण येत नाही. इतरांना परस्परतेचे तत्त्व लागू होते: इटालियन माणसाला तुमच्या देशात घर घेता येते का, हे पाहिले जाते. भारताबाहेर राहणाऱ्या आणि भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी व्यक्तीला भारतात स्थावर मालमत्ता सर्वसाधारणपणे विकत घेता येत नाही. म्हणून भारतीय पासपोर्टधारकाने इसार देण्याआधीच हा प्रश्न नोतायोकडून, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सार्वजनिक अधिकाऱ्याकडून, तपासून घ्यावा.

नोतायो दोन्ही पक्षांच्या मध्ये उभा राहतो. त्याची फी सहसा खरेदीदार देतो. आधी कोदिचे फिस्काले हा सोळा अक्षर-अंकांचा कर क्रमांक काढावा लागतो. मग साठेखत (कॉम्प्रोमेस्सो) आणि त्यासोबत इसार: खरेदीदाराने माघार घेतली तर इसार बुडतो, विक्रेत्याने घेतली तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. शेवटी नोतायोसमोर खरेदीखत. ते इटालियनमध्ये असते; भाषा न येणाऱ्यासाठी दुभाषी किंवा द्विभाषिक मजकुराची सोय करावी लागते.

नोतायो कागद तपासतो, घर पाहायला जात नाही. भिंती आणि नकाशा जुळतात का, हे पाहण्यासाठी जेओमेत्रा हा तंत्रज्ञ नेमणे शहाणपणाचे. कातास्तो ही सातबाऱ्यासारखीच करासाठीची नोंद; ती मालकीचा अंतिम पुरावा नसते. तरीही २०१० पासून घर तिच्यातील नकाशाशी जुळत असल्याची हमी खरेदीखतात द्यावी लागते. परवानगीविना स्वयंपाकघर झालेला गोठा इथे अडतो.

घराबरोबर शेतजमीन असेल, तर १९६५ आणि १९७१च्या कायद्यांनुसार ती कसणाऱ्या कुळाला, आणि कूळ नसल्यास स्वतः शेती करणाऱ्या लगतच्या जमीनमालकाला, खरेदीचा अग्रहक्क मिळतो. विक्रेत्याने कराराची माहिती त्याला रीतसर कळवायची. त्याच्याकडे ३० दिवस असतात. कळवले नाही, तर खरेदीची नोंद झाल्यापासून वर्षभरात तो त्याच किमतीला जमीन नव्या मालकाकडून सोडवून घेऊ शकतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या लेखी नकाराशिवाय पुढे जाऊ नये. सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षित वास्तूवर सरकारचाही अग्रहक्क असतो. कळवल्यापासून ६० दिवसांपर्यंत तो वापरता येतो आणि तोवर व्यवहार पूर्णपणे लागू होत नाही.

खासगी विक्रेत्याकडून घर घेतल्यास नोंदणी कर ९ टक्के. तो कातास्तोतील मूल्यावर आकारता येतो, जे बाजारभावापेक्षा बरेच कमी असते. १८ महिन्यांत त्याच गावात अधिकृत निवास हलवणाऱ्याला, पहिल्या घराच्या इतर अटी पाळल्यास, २ टक्के. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेतली तर मात्र १५ टक्के.

घराच्या मालकीतून निवासाचा हक्क मिळत नाही. युरोपीय संघाबाहेरच्या मालकाला व्हिसाच्या नियमांनुसार दर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. त्याहून अधिक राहायचे तर दीर्घ मुदतीचा व्हिसा वेगळा मिळवावा लागतो.