तुमेन नदीपलीकडे कोणी जेवू घातलं?

उत्तर कोरियातून सीमेवरची तुमेन नदी ओलांडून अन्नासाठी चीनमध्ये गेलेला माणूस पकडून परत पाठवला, की चौकशीत त्याला ठरावीक प्रश्न विचारतात. दक्षिण कोरियाचं कोणी भेटलं का? चर्चमध्ये गेला होतास का? बायबल वाचलंस का? नुसतं पोटासाठी गेलो होतो, हे अधिकाऱ्यांना पटलं तर काही महिन्यांच्या सक्तमजुरीवर निभावू शकतं. जेवू घालणाऱ्यानं प्रार्थनाही शिकवली, असं निघालं तर राजकीय कैद्यांची छावणी, प्रसंगी मृत्युदंड. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं २०१४ च्या अहवालात हे सविस्तर नोंदवलं आहे. तिथे भुकेल्याला दिलेली भाकरीसुद्धा लपवावी लागते, ती यामुळे.

हे कायम असं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्याँगयाँगला ‘पूर्वेचं जेरुसलेम’ म्हणत. १९०७ च्या जानेवारीत तिथल्या जांगदेह्योन चर्चमधल्या सभांपासून धर्मजागृतीची मोठी लाट उसळली आणि कोरियाभर पसरली. खुद्द उत्तर कोरियाचा संस्थापक किम इल-संग याची आई ख्रिस्ती घराण्यातली होती. १९४५ मध्ये देशाची फाळणी झाली, उत्तरेत सोव्हिएत फौजा आल्या, आणि चित्र पालटलं. जपानी राजवटीविरुद्ध उभे राहिलेले, सगळ्यांना मान्य असलेले ख्रिस्ती नेते चो मान-सिक १९४६ च्या जानेवारीत नजरकैदेत गेले. पुढे जमिनी गेल्या, युद्ध झालं, असंख्य ख्रिस्ती कुटुंबं दक्षिणेला निघून गेली.

मागे राहिलेल्यांची गाठ पडली ती ‘सोंगबुन’शी. बापजाद्यांनी काय केलं यावरून माणसाची प्रत ठरवणारी ही सरकारी व्यवस्था. निष्ठावान, डळमळीत आणि शत्रू असे तीन वर्ग. ख्रिस्ती घराणी शत्रूंत गेली. शिक्षण, नोकरी, राहण्याचं गाव, सगळं त्यावर ठरू लागलं. शत्रू वर्गातल्या अनेकांना ईशान्येकडच्या डोंगराळ हामग्योंग भागात, खाणींकडे धाडलं. श्रद्धा इतकी लपवावी लागली, की शाळेत मुलाच्या तोंडून काही निघेल या धास्तीनं आईबाप पोटच्या पोरालाही सांगत नसत.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, स्वस्त तेल आणि खत आटलं. १९९५ चे महापूर आले. रेशनवर जगणाऱ्या देशात रेशनच थांबलं, आणि ईशान्येचे प्रांत सर्वांत आधी वाऱ्यावर सोडले गेले. लोक झाडाची साल आणि गवत उकळून खाऊ लागले. मृतांचे अंदाज काही लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. ज्या मुलखात नकोशी माणसं नेऊन टाकली होती, तिथेच उपासमार सर्वांत भीषण होती, आणि त्याच मुलखाच्या कडेनं तुमेन नदी वाहते. काही ठिकाणी ती हिवाळ्यात गोठते, उन्हाळ्यात चालत ओलांडता येते.

पलीकडे चीनचा यानब्यान जिल्हा, बोली कोरियन, वस्ती बरीचशी कोरियन वंशाची. ‘नदी ओलांडलीस की क्रूस दिसेल ते घर शोध, तिथे खायला देतात,’ ही गोष्ट कानोकानी पसरली. लोक खरोखर रात्री येऊन दार ठोठावत. आत गरम भात, कोरडे कपडे, थोडे पैसे मिळत. बरेच जण मक्याचं पीठ आणि औषधं घेऊन घरच्यांसाठी परत फिरत. त्यांतलेच काही मनात पाठ केलेली प्रार्थनाही घेऊन जात. अशी मदत करणारे, चीनच्या सीमेवरल्या चांगबाईचे पाद्री हान चुंग-रयोल २०१६ च्या एप्रिलमध्ये मारले गेले. संशय उत्तर कोरियाच्या हस्तकांवर होता. दक्षिण कोरियाचे मिशनरी किम जोंग-उक २०१३ मध्ये उत्तर कोरियात पकडले गेले आणि त्यांना जन्मभराची सक्तमजुरी झाली.

चीननं निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार १९८२ मध्ये स्वीकारला, तरी या लोकांना तो ‘बेकायदा आलेले’ ठरवून परत धाडतो. इथे एक मराठी नाव आठवल्याशिवाय राहत नाही. कोरियन युद्धाची शस्त्रसंधी दीर्घकाळ अडली ती मुख्यतः एकाच मुद्द्यावर: कैद्याला मनाविरुद्ध परत पाठवायचं का? नको म्हणणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांची राखण १९५३ मध्ये भारतीय तुकडीनं केली, आणि तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. तेव्हा जगानं मान्य केलेलं तत्त्व त्याच भूमीतल्या भुकेल्यांना आज लागू होत नाही, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

कोविड आल्यावर सीमेवर कुंपणं आणि पहारे वाढले. २०१९ मध्ये दक्षिणेत १,०४७ जण पोहोचले होते, २०२१ मध्ये अवघे ६३. नदीची वाट अशी आक्रसल्यावर मदत पाठवायला समुद्राची वाट महत्त्वाची झाली. दक्षिण कोरियाच्या गांगह्वा बेटावरून काही जण प्लास्टिकच्या बाटल्या सोडत आले आहेत. दोन लिटरच्या बाटलीत साधारण किलोभर तांदूळ, म्हणजे ती तरंगते. सोबत एक डॉलरची नोट, पेनड्राइव्ह, कधी छोटं बायबल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा अंदाज घेऊन सोडली, की प्रवाह ती उत्तरेकडे नेतो. २०२५ च्या जूनमध्ये याच बेटावर अशा बाटल्या सोडू पाहणाऱ्या सहा अमेरिकनांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. सीमेवरच्या गावकऱ्यांना उत्तरेच्या प्रत्युत्तराची भीती वाटते आणि ती खरी आहे. तरीही उत्तरेकडे सोडले जाणारे राजकीय पत्रकांचे फुगे आणि तांदळाची बाटली यांना एकाच नियमानं मोजू नये, असं माझं ठाम मत आहे.