माडाच्या झावळ्या कातरतं कोण?

‘शेंड्याच्या झावळ्या कोणीतरी कातरल्यात, दृष्टच लागली,’ म्हणत आमच्या शेजारच्या काकांनी परवा माडाला काळी बाहुली बांधली. कातरणारा मला ओळखीचा आहे. तो गेंड्या भुंगा, शास्त्रीय नाव ऑरिक्टस ऱ्हायनोसेरॉस.

तळहातावर घेऊन पाहा. दीड-दोन इंच लांब, पॉलिश केल्यासारखा काळा, पोटाकडून तांबूस, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. शिंग मादीलाही असतं, पण आखूड. नक्की ओळखायचं तर शेपटाकडे बघा, मादीला तिथे तांबूस केसांचा झुपका असतो. मूठ मिटलीत तर काटेरी पायांनी बोटं अशी रेटतो की मूठ सोडावीच लागते.

रात्री उडत येऊन तो बेचक्यातून आत शिरतो आणि मधल्या, न उमललेल्या कोंबाला भोक पाडतो. चिरडलेल्या गराचा रस पितो, चोथा बाहेर ढकलतो. त्या कोंबात अख्खी झावळी मिटलेल्या छत्रीसारखी असते. सगळी पाती मधल्या दांड्याला चिकटून, टोकं वर करून उभी. समजा, भोक दांड्याच्या मध्यावर पडलं. त्याच्या जेमतेम खाली फुटलेलं पातं बुडाशीच तुटतं. हातभर खाली फुटलेलं पातं भोकापाशी पोचेतो हातभर वाढलेलं असतं, म्हणून तेवढं शिल्लक राहतं. भोकाच्या वर फुटलेल्या पात्यांना धक्काही लागत नाही. झावळी उलगडून पाती पसरली की हे लहानमोठे तुकडे तिरक्या रेषेत येतात आणि दांड्याच्या दोन्ही अंगांना मिळून इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच दिसते. घडी घातलेल्या कागदाला एकच चीर देऊन नक्षी काढतात ना, तोच हिशेब.

माड महिन्याला साधारण एकच झावळी उलगडतो. कोंबातली जखम उजेडात येईपर्यंत भुंगा केव्हाच निघून गेलेला असतो. चोर दिसत नाही, मग खापर दृष्टीवर फुटतं. बाहुली बांधण्यात जो वेळ जातो तेवढ्यात कोंबाशी ताजा चोथा दिसतो का ते पाहून, तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढता येतो.

त्याचं बालपण तर माडावर जातच नाही. मादी अंडी घालते कुजक्या खोडात, शेणखताच्या खड्ड्यात. पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वाकलेली अळी कित्येक महिने तिथेच कुजकं खात पोसते. काकांचा खड्डा त्या माडापासून वीस पावलांवर आहे. काल दोघांनी मिळून तो उपसला, तर अंगठ्याएवढ्या जाड अळ्यांनी अर्धं घमेलं भरलं. राहिलेल्या खतात आता मेटारायझियम बुरशी कालवणार आहोत. ती लागली की अळी मरून कडक होते आणि हिरवट पडते.