जोन्स, संस्कृत आणि एशियाटिक सोसायटी: आधी काय, नंतर काय?

फॉरवर्ड होत फिरणारी एक गोष्ट अशी: विल्यम जोन्स या कोलकात्यातल्या ब्रिटिश न्यायाधीशाला संस्कृत आणि ग्रीक-लॅटिनचं नातं सापडलं आणि त्याच अभ्यासासाठी त्याने तिथे एशियाटिक सोसायटी ही अभ्यासकांची संस्था काढली. हा क्रमच उलटा आहे.

सोसायटी स्थापन झाली १५ जानेवारी १७८४ ला. तेव्हा जोन्सला संस्कृत येत नव्हतं! ते तो शिकू लागला १७८५ मध्ये, तेही न्यायाधीश म्हणून, धर्मशास्त्राचे अर्थ लावायला पंडितांवर विसंबून राहावं लागू नये म्हणून. संस्थेपुढच्या पहिल्याच भाषणात त्याने आशियातला माणूस आणि निसर्ग हा विषय मांडला; भाषांना त्या यादीत जागा नव्हती, त्या ज्ञानाचं नुसतं साधन, असं त्याचं मत. भाषांच्या नात्याचं प्रसिद्ध विधान आलं २ फेब्रुवारी १७८६ ला.

आणि ‘सापडलं’ म्हणावं तर त्याच्या दोनशे वर्षं आधी गोव्यात ही चाहूल लागली होती. थॉमस स्टीफन्सने, म्हणजे पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या आपल्या फादर स्टीफन्सनेच, १५८३ मध्ये भावाला लिहिलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. त्याच दशकात फिलिप्पो सासेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्दच जुळवून पाहिले: देव-दिओ, सर्प-सेर्पे, सप्त-सेत्ते, नव-नोव्हे. मोठ्याने म्हणून बघा, लगेच पटतं.

जोन्सचं श्रेय वेगळं आहे, आणि ते मोठंच आहे. या सगळ्या भाषा एकाच, कदाचित लोपलेल्या, मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हे त्याने स्पष्ट मांडलं आणि संस्थेच्या छापील खंडांमुळे ते युरोपभर वाचलं गेलं.